शेगडीचं दार

लढाईच्या दिवसांत शिळफाट्यावरच्या लॉरी कारखान्यात सुलेमान मिस्त्री होता. घाट चढून तापलेल्या लॉऱ्यांचे गळके रेडिएटर तो कथलाचा डाग देऊन सांधी. डाग द्यायची हत्यारं कोळशाच्या एका जुन्या, पिंपाएवढ्या शेगडीत तापत. तिच्या दाराची बिजागरी तुटली तेव्हा सुलेमाननं ते काम धाकलूला सांगितलं. धाकलूला कारखान्यात आणला त्यानंच, तापलेलं रिबिट ठोकून पत्रे जोडायला शिकवला त्यानंच. दोघं एका भाकरीतले.

धाकलूला कशेळ्याला लग्नाला जायची घाई. त्यानं दार तारेनं आवळलं, वरून माती लिंपली, काजळी फासली.

"पक्कं बसवलंस ना रं?"

"रिबिट मारलंय. बैल लावला तरी निघायचं नाय!"

दुसऱ्या दिवशी सुलेमान कोळसा घालायला वाकला आणि लालभडक दार त्याच्या उजव्या हातावर आलं.

ओरडा ऐकून मालक धावत आला. तार लोंबत होती. "हे कुणी केलं?"

धाकलू लग्नाहून नुकताच परतला होता, कपाळाच्या अक्षताही पडल्या नव्हत्या. तो मालकाकडेच बघत म्हणाला, "सुलेमाननं. मी नको म्हनत व्हतो."

सुलेमान हाताची आग विसरून गेला. त्यानं पोळलेला हात उराशी धरून धाकलूकडे पाहिलं. मालकानं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. मिस्त्रीची जागा धाकलूला मिळाली.

हात थोडा वळायला लागला तसा सुलेमान बायकोला, हाजराला, घेऊन कारखान्यात गेला. शेगडी तशीच होती, दार पुन्हा तारेनंच आवळलेलं.

"ज्यानं तार आवळली त्यालाच करू द्या की!" हाजरा फणकारली.

"तो करायचा नाय गं. आन उद्या इथं दुसऱ्या कुनाचा हात असंल."

हाजरानं चिमट्यात लाल रिबिट धरलं. सुलेमाननं डाव्या हातानं हातोडा चालवला. पहिलं वाकडं गेलं, ते काढून दुसरं मारलं. धाकलू लॉरीआड उभा होता. शेवटी पुढं आला. "सुलेमान, घरात म्हातारी हाय, पोरं हायती... भ्यालो रं मी."

"मला सांगितलं असतंस, तर मीच बोललो असतो, माझी चूक म्हनून." सुलेमाननं हातोडा खाली ठेवला. "तू मागायचं सोडून चोरलंस."

त्यानं दार उघडून, मिटून पाहिलं. मग हाजराचा पदर निखाऱ्यापासून बाजूला केला आणि दोघं खालापूरच्या रस्त्याला लागली. तिथं त्यानं कल्हईचं दुकान टाकलं. धाकलू दोनदा दारापर्यंत येऊन गेला. सुलेमाननं त्याला बसायला सांगितलं, पाणीही दिलं. पण त्याच्याशी पूर्वीसारखं बोलावंसं कधी वाटलं नाही.