मैना जिथे थांबली

गेल्या होळीच्या आदल्या दिवशी दुपारी मैना नावाची काळी लॅब्राडोर कुत्री आपल्याच घराच्या उंबरठ्यापाशी थांबली आणि आत गेली नाही. घर बालाघाटातल्या एका जुन्या वॉर्डात आहे. मी तिथे होतो. मैनेच्या मालकीणबाईही होत्या.

बालाघाटात राहत असाल तर तुम्ही या बाईंना पाहिलं असेल. पांढरी सुती साडी, काखेत छत्री आणि शेजारी साखळी न ओढता चालणारी कुत्री. सारं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. प्रसूतीच्या वॉर्डातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी भाजीवालीसुद्धा सिस्टरच म्हणायची. रस्त्यात कोणी विचारलं, "सिस्टर, मैनेची पिल्लं कधी?" की त्या छत्रीचं टोक त्याच्याकडे रोखत.

"कुत्री तयार हाय भाऊ. तुमचं घर तयार हाय का?"

पिल्लांना घरं आधी, नर नंतर, असा त्यांचा क्रम होता. मैना दोन वर्षांची होईपर्यंत त्यांनी विषयच काढू दिला नाही. पहिले माज तसेच जाऊ दिले. मग गोंदियाला नेऊन खुब्यांचे एक्स-रे काढले, रक्त तपासलं. एका खेपेला मैना गोचिडाच्या तापाने वाळली होती, म्हणून नाही. पुढच्या खेपेला तब्येत उत्तम, पण पुरेशी घरं मिळाली नाहीत, म्हणून नाही.

घरं त्या मैनेला सोबत घेऊन बघत. आमच्याकडेही आल्या. मैना हुंगत स्वयंपाकघरापर्यंत गेली, परत आली आणि टेबलाखाली आडवी झाली. सिस्टरनी चहा बाजूला ठेवला. मे महिन्यात दुपारी पिल्लू कुठे राहील? दोघं कामावर गेल्यावर त्याच्यापाशी कोण?

"सिस्टर, पिल्लू द्यायचंय की मुलगी?" माझी बायको म्हणाली.

"पोरीच्या वेळी लोक इतकं पाह्यते का?"

बायको हसली. सिस्टर हसल्या नाहीत. निघताना चप्पल घालता घालता त्या म्हणाल्या, "बैहरकडून जीपमध्ये घालून बाळंतपणाले पोरी आणत. सोळा वर्षांच्या, सतरा वर्षांच्या. पोरगी तयार हाय का, हे मले कोणी विचारलं नाही. घर तर लांबच राह्यलं. इथं तरी विचारून घेऊ." मग मैनेकडे बघून मान हलवली. "हौ. चालते हे घर."

बैहर रस्त्यावरच्या एका ठेकेदारालाही पिल्लू हवं होतं. मी सोबत गेलो होतो. घर मोठं, आवार मोठं, मागे विहीर. मैना फाटकाबाहेर बसली. ठेकेदाराने बिस्किटं आणली.

"सिस्टर जी, अंदर तो आइए. पिल्ले को एसी वाला कमरा दूँगा. मैं खुद कूलर में सोता हूँ!"

मैना उठली नाही. सिस्टरनी हात जोडले आणि मागे वळल्या.

"कारण तरी सांगायचं त्यांना," मी रस्त्यात म्हणालो.

"मले काय ठाव? थांबली म्हणजे थांबली."

पुढच्या उन्हाळ्यात त्या घराची विहीर उपसली. पाण्याच्या टंचाईची बातमी करत होतो म्हणून मी तिथे उभा होतो. गाळातून कुत्र्याचे दोन पट्टे निघाले. दोन्हींचं बकल गळ्यात असतं तसं लावलेलं होतं. सिस्टरना सांगितलं तेव्हा त्या मैनेच्या अंगावरच्या गोचिडी काढत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

मैना पाच वर्षांच्या जवळ आली. गोंदियाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पहिलं बाळंतपण या माजात, नाहीतर पुढे नको. तिची आई गेली होती, भावंडांची ऑपरेशनं झाली होती. त्या वंशात आता मैनाच उरली होती. सिस्टरनी सुताराकडून बाळंतपणाची पेटी करून घेतली, एक बाजू बुटकी, आतून दांडी, म्हणजे कुशीखाली पिल्लू चेंगरत नाही. जुनी लुगडी धुऊन त्यात अंथरली. लामत्याच्या एका शेतकऱ्याचा नर ठरला. त्याच्याही तपासण्या झाल्या. घरं पुरेशी होती.

होळीच्या आदल्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो. लामत्याला निघायचं होतं. सिस्टर म्हणाल्या, "एक घर पाहाचं राह्यलं. जिथं पिल्लं होतील ते." त्या मैनेला गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या आणि पाहुण्यासारख्या परत आल्या. चेहऱ्यावर हसू होतं.

मैना उंबरठ्यापाशी थांबली. दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. ऊन लख्ख होतं. ती आत बघत नव्हती, उंबरठ्याच्या उजव्या बाजूला बघत होती. वाटेत कोणी बसलेलं असलं की कुत्रं ते उठायची वाट बघत उभं राहतं, तशी.

सिस्टरनी नाव घेतलं. पुन्हा घेतलं. मग ओट्यावर बसून लामत्याला फोन लावला.

"नाही भाऊ. मैना तयार हाय. घर नाही."

"सिस्टर, रोज इथेच झोपते ती," मी म्हणालो. "ही शेवटची संधी आहे. एका थांबण्यावरून?"

"लोकाच्या दारी तिचं ऐकलं. माह्या दारी काहून नाही ऐकू?"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मैनेसाठी पाण्याचं भांडं अंगणात आणून ठेवलं.

मैना त्यानंतर घरात गेली नाही. अंगणातच राहायची. तिला सोबत म्हणून सिस्टर दिवसभर दारात बसत, उजव्या चौकटीला पाठ टेकून. चैत्राचं ऊन वाढलं तेव्हा त्यांनी मला बोलावलं. "घेऊन जा. तुमचं घर तिनं पाह्यलं हाय." मैना आमच्याकडे आली, थेट टेबलाखाली गेली. सिस्टर संध्याकाळी येऊन तिला भेटून जात. दारात बसायची सवय मात्र त्यांची राहिली.

बुद्धपौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांनी सकाळी दूधवाल्याने त्यांना हाका मारल्या. सिस्टर उंबरठ्यावर उजव्या बाजूला बसलेल्या होत्या. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. मैनेला दिवस गेले असते तर ती त्याच आठवड्यात व्यायली असती.

आषाढात सिस्टरांचा भाचा गोंदियाहून घर आवरायला आला. मैनेला घेऊन मी गेलो. त्याने कुलूप काढलं, दोन्ही फळ्या उघडल्या आणि पेटी बघायला आत गेला. मी मैनेची साखळी सोडली.

ती थांबली नाही. डाव्या चौकटीला अंग घासत आत गेली. उजवी बाजू मोकळी होती.