बाबांच्या नावाआधीचं 'स्व.'

हे लिहावं की नाही, यातच कितीतरी वर्षं गेली. आमच्या घरात भूतखेत, अंगात येणं, नवस... सगळं धम्म घेतला त्या दिवसापासून बंद. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवलं. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे. तरीही जे घडलं ते जसंच्या तसं सांगते — अर्थ तुम्हीच लावा.

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. बाबा बालाघाटजवळ भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत फिटर होते, आम्ही खाणीच्याच कॉलनीत राहायचो. माझं लग्न भंडाऱ्याच्या मुलाशी ठरलं आणि बाबांनी जाहीर केलं — पत्रिका छापायची! आमच्या कुळात तोवर कुणाची छापली नव्हती. घरोघरी जाऊन तोंडी सांगायचे, झालं.

"आपलं नाव छापून आलं पाह्यजे पोरी," एवढीच त्यांची हौस.

बालाघाटचा प्रेस हिंदी. त्यांच्या छपाईच्या खिळ्यांमध्ये 'ळ' नव्हताच! मग मी मजकुरातले 'ळ' असलेले शब्दच बदलले, 'सकाळी'चं 'प्रातः' केलं. चित्राचा ब्लॉक होता तोही फक्त गणपतीचा. बुद्धाचा ब्लॉक मामांनी नागपूरहून आणून दिला. प्रूफ मी वाचलं. खाली निमंत्रक म्हणून बाबांचं नाव, ठळक अक्षरात. छापून आल्यावर आम्ही दोघांनी मिळून गठ्ठा सोडला. मी पुन्हा एकदा वाचलं. सगळं बरोबर. जवळच्या पत्रिका बाबांनी सायकलवरून वाटल्या, लांबच्या पोस्टानं धाडल्या.

पुढे एका दुपारी बाबा अंगणात सायकलची चेन चढवत होते. इतक्यात फाटकातून मोठ्यानं रडणं ऐकू आलं... बाबांची थोरली बहीण, आमची आत्याबाई, खैरलांजीहून बसनं आली होती. "माह्या भावा रे..." करत आत शिरली आणि बाबांना समोर पाहून तिथंच मातीत बसली.

"काहून रडून राह्यली बाई? काय झालं?" बाबा धावले.

ती त्यांचे गाल, दंड चाचपत राहिली. "तू हायेस? मंग पत्रिकेत तुह्या नावाआधी 'स्व.' काहून हाये? माह्या पोरानं वाचलं. शेजारच्या मास्तरानंबी वाचलं!"

'स्व.' म्हणजे स्वर्गीय. मेलेल्या माणसाच्या नावाआधी लावतात ते.

तिनं पिशवीतून पत्रिका काढली. मी उजेडात धरून वाचली... काहीच नव्हतं. नुसतं बाबांचं नाव.

बाबा तेव्हा हसले. पण मग हट्टा गावाहून त्यांचा जुना दोस्त आला, तोही भेटायला नाही — सांत्वनाला. त्यानंही तेच वाचलं होतं. त्याच्या हातातली पत्रिकाही मी पाहिली तेव्हा स्वच्छ! मग भंडाऱ्याहून माझे होणारे सासरेच आले, दारात बाबांना पाहून त्यांनी खिशातली पत्रिका काढून पुन्हा वाचली.

मी तडक प्रेस गाठला. मालकानं खिळे जुळवून बांधून ठेवलेला मजकूर दाखवला. "देख लो बिटिया, कहाँ है? लोगों की आँखों का धोखा है."

पत्रिका परत मागवाव्यात, तर त्यात चूक कोणती दाखवणार? लग्न पुढे ढकलू म्हटलं, तर बाबा ऐकेनात. मी हट्टानं त्यांना डॉक्टरकडे नेलं. तब्येत ठणठणीत होती. "आता तरी गप राह्यशील ना?" बाबा म्हणाले. आई रोज ते झोपले की त्यांच्या नाकापुढे हात धरायची. आम्हाला करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच...

लग्न नीट पार पडलं. वंदना झाली, पंगती उठल्या, बाबांनी प्रत्येकाला आग्रहानं वाढलं. मला वाटलं, सुटलो.

वऱ्हाडाची बस निघायच्या वेळी बाबा माझ्या खिडकीशी आले. हळूच म्हणाले, "एक इचारू पोरी? तुले दिसलं काय कधी ते 'स्व.'?"

"नाही बाबा. एकदाही नाही."

त्यांनी मान हलवली. "मले दिसते. गठ्ठा सोडला तवापासून, सगळ्या पत्रिकांवर. तू खूश होतीस... म्हणून बोललो नाही."

मी खिडकीतून त्यांचा हात धरला, पण बस सुटली होती. "थांबवा, थांबवा!" मी ओरडले. सगळ्यांना वाटलं, नवरी रडतेय. बायका पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मी माहेरी पहिल्यांदा परत येण्याआधीच तार आली. बाबा दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

माझा मुलगा योगायोग म्हणतो. मी वाद घालत नाही. ते 'स्व.' कुठून आलं, मलाच का दिसलं नाही — मला आजही ठाऊक नाही. पण त्याहून न सुटलेलं एक आहे. स्वतःच्या नावाआधी ते वाचत वाचत हा माणूस सायकलवरून दारोदार कसा फिरला असेल... आणि प्रत्येकाला हसून कसं म्हणाला असेल — "पोरीच्या लग्नाले या बरं!"