खरखर नसलेला रेडिओ

माणसं भितात आणि वेळ टळली की विसरून जातात. पण भीती मन लावून, शिस्तीत, दुभती म्हैस सांभाळावी तशी सांभाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या हिचे मामा. पारनेरच्या अलीकडच्या एका वस्तीवर ते राहत. हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, बोलणं मऊ. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. लग्न मे महिन्यात होतं. मामा चर्चमध्ये पहिल्याच बाकावर, कोट घालून, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट चढवून आणि मांडीवर रेडिओ घेऊन बसले होते. पाळकसाहेब वचनं वदवून घेत असताना मधूनच बारीक चर्र-चर्र ऐकू येई. मला वाटलं, मामांना गाण्याचा फार नाद दिसतो. जेवताना मी कौतुकानं विचारलं, तर म्हणाले, "गाणं न्हाई जावई, आभाळ ऐकतोय."

नंतर कळलं की मामा कुठल्याही केंद्राचा कार्यक्रम कधी ऐकतच नसत. त्यांच्या जुन्या मिडियम वेव्हच्या रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मधोमध, जिथं नुसती खरखर असते, तिथं ठेवलेला असे. लांब कुठं वीज चमकली की त्या खरखरीत कट्टकन आवाज उठतो, आणि वीज गडगडाटाच्याही पल्ल्याबाहेर असते तेव्हापासून तो यायला लागतो. ही गोष्ट मामांनी कुठं वाचली होती की स्वतःच हेरली होती, देव जाणे. एप्रिल लागला की त्यांची मोसमी भीती सुरू होई. मनगटावरचं घड्याळ ट्रंकेत जाई, सायकल गोठ्यात जाई, छत्रीच्या काड्या लोखंडी म्हणून छत्री हद्दपार होई. रविवारी उपासनेलाही रेडिओ बाकाखाली चालूच. पाळकसाहेबांनी एकदा हसत विचारलं, "मास्तर, प्रभूवर विश्वास न्हाई का?" मामा म्हणाले, "प्रभूवर हाय. लिंबाच्या झाडावर न्हाई."

त्या उत्तरावर सगळे हसले, मामी हसल्या नाहीत. त्यांनी मला पुढे एकदा भाकरी थापता थापता सांगितलं. लहानपणी मामा आणि त्यांचा धाकटा भाऊ शेळ्यांमागे गेले होते. वळवाचा पाऊस आला, भाऊ पळत लिंबाखाली गेला. मामांची चप्पल वाटेत तुटली, ती बांधायला ते खाली बसले. वीज लिंबावर पडली. मामा स्वतः यातलं अवाक्षर कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

तर खरखरीत कट्ट-कट्ट वाढलं की मामा उंबऱ्यात उभे राहून पितळेचं ताट लाटण्यानं बडवायला लागत. मग आजूबाजूच्या रानात कांदा काढणाऱ्या बाया हातातलं टाकून वस्तीवर येत. दहातल्या आठ वेळा पाऊस सोडा, ढगसुद्धा येत नसे. शेजारच्या मळ्याचे मालक कपाळावर हात मारून म्हणत, "मास्तर, तुमच्या ताटापायी माझा कांदा रानातच नासंल." पण उरलेल्या दोन वेळा असं काही आभाळ फाटे की पुढच्या खेपेला बाया पुन्हा मुकाट येत. मामी मात्र भित्र्यांतल्या नव्हत्या. दारात साप निघाला तर त्या शेजारणीशी बोलावं तसं बोलून त्याला वाटेला लावत. तरी ताट वाजलं की सगळ्यांत आधी शेळ्या हाकत त्याच येत.

मी या सगळ्याची भरपूर टवाळी केली. एका मे महिन्यात मात्र माझी जिरली. दुपारी ओसरीवर आम्ही दोघंच, आभाळात ढगाचं नाव नाही. रेडिओ कट्ट म्हणाला. मामांनी रेडिओ हातात धरून एकेका दिशेला हळूहळू फिरवला, कान लावला आणि म्हणाले, "काष्टीच्या अंगाला हाय. येतीय." आम्ही बसून राहिलो. कट्ट. मग पुन्हा कट्ट, थोडं लवकर. गडगडायला लागल्यावर सगळेच भितात, त्यात विशेष काही नाही. पण लख्ख उन्हात, ती आपल्याकडे चालत येते आहे हे ऐकत वाट बघणं काही औरच असतं. मामांकडे पाहिलं, तर त्यांचे ओठ पांढरे पडलेले. हा माणूस दर उन्हाळ्यात रोज असा बसतो, हे मला त्या दिवशी समजलं. तासाभरात ती आलीच, आणि ओढ्यापलीकडची बाभूळ उभी चिरून गेली. त्यानंतर नगरला घरी रेडिओ खरखरला तरी मी दचकायला लागलो.

अशा माणसापुढे पेपर मोठ्यानं वाचताना जपून वाचावं. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आता डिजिटल रेडिओ येणार, अशी बातमी मी वाचली. आवाज आकड्यांत बदलून पाठवणार, खरखर मुळीच राहणार नाही, लोकांनी नवे संच घेतले की जुनं प्रक्षेपण हळूहळू बंद होणार.

"खरखर न्हाई?" मामांनी विचारलं.

"अजिबात नाही. शेजारच्या खोलीत माणूस बोलतोय असं वाटणार."

"आणि मग ती आल्याचं सांगनार कोन?"

मी समजावलं की केंद्रं बंद पडली तरी तुमचा रेडिओ विजेचा आवाज पकडतच राहील. पण त्यांना आणखी पुढचं दिसत होतं. लोकांनी नवा घेतला की जुने कारखाने बंद, कारखाने बंद की सुटे भाग बंद, आणि एक दिवस हाही मुका. सगळं लोकांवर होतं. लोक घेणार की नाही? पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा रेडिओ काखोटीला मारून पारनेरला गेले आणि दिसेल त्याला विचारत सुटले. भांडीवाला म्हणाला, "फुकट दिला तर घेऊ." चहावाला म्हणाला, "टीव्ही सोडून रेडिओ कोन घेतंय, मास्तर?" कापडवाल्यानं त्यांना बसायला स्टूल दिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "लोकांचं काय, चांगलं आलं की घेनारच. खरखर कुनाला आवडती?" या शेवटच्या वाक्यानं मामा खचले. खरखर आपल्याला एकट्यालाच हवी आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. परतीच्या एसटीच्या गर्दीत काखेतला रेडिओ निसटला, कुणाचा तरी पाय पडला आणि तो तिथंच मुका झाला.

दुरुस्तीला तो मी नगरला आणला. मेकॅनिक म्हणाला, आठवडा लागेल, भाग मिळत नाहीत. हे सांगायला मी वस्तीवर गेलो तर ताटाचा आवाज लांबूनच ऐकू आला. आभाळ कोरं होतं. खरखर नाही म्हटल्यावर मामांना कुठल्याही क्षणी वीज येते आहे असंच वाटत होतं, आणि ते सकाळपासून पुन्हा पुन्हा ताट बडवत होते. पहिल्या वेळेला बाया आल्या होत्या. दुसऱ्या वेळेला निम्म्या आल्या. आता रानातून हसण्याचा आवाज आला, पण कुणी जागचं हललं नाही. हसणाऱ्यांचे हात पुन्हा कांद्याकडे वळले. मामा तरी वाजवत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

बांधावरून मामी येताना दिसल्या. शेळ्या पुढं, हातात काठी, तोंड उन्हानं लाल. मी पुढे होऊन हळूच म्हणालो, "मामी, आभाळ स्वच्छ आहे. कशाला दर वेळी हेलपाटा घेता?"

"मला काय दिसत न्हाई व्हय, जावईबापू?" त्या म्हणाल्या. "इजंला मी कदीच भ्याले न्हाई. ह्यांला एकट्यानं भ्यावं लागू नये म्हनून येते."

त्या हे हळू बोलल्या नाहीत, मामांनी ऐकलं. त्यांचा हात थांबला. मामींनी त्यांच्या हातातलं लाटणं घेतलं, काठी भिंतीला टेकवली आणि उंबऱ्यातच त्यांच्या शेजारी बसल्या.

"येऊ द्या की त्यो नवा रेडिओ," त्या म्हणाल्या. "लोक घेत्याल न्हाईतर न घेत्याल. खरखर असू द्या न्हाईतर नसू द्या. तुमी ताट वाजवा, मी येईन."

लोकांनी तो रेडिओ घेतला की नाही, या प्रश्नाचं त्या घरात पुढे कुणी नाव काढलं नाही. त्या दुपारी मामींच्या पदराला कुसळं चिकटली होती. ती एकेक करून काढत मामा कितीतरी वेळ बसून राहिले.