खरी तारीख, खोटा शिक्का

नोकरीतली बरीच प्रकरणं विसरलो, पण एका हाताच्या त्या गिरणी कामगाराचं प्रकरण आजही डोक्यातून जात नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात, इतवारी भागातल्या ठाण्यात फौजदार होतो. खबऱ्यानं सांगितलं, "साहेब, भांड्याच्या गल्लीत एक अर्ज लिहिणारा तहसीलचा खोटा शिक्का मारून जन्माचे दाखले देऊन राहिला." पंच घेऊन छापा घातला, शिक्का जप्त केला. जबाबात त्यानं एकच नाव धड सांगितलं, या कामगाराचं. असे लोक पैसेवाल्यांची नावं हमखास विसरतात.

यंत्रात हात गेल्यापासून गिरणी त्याला अपंग भत्ता देत होती. निवृत्तीचं वय झालं की भत्ता बंद, असा नियम. गिरणीच्या पुस्तकाप्रमाणे तो साठ वर्षांचा झाला होता, दाखल्यात छप्पन्न. त्याला ठाण्यात बोलावून मी टेबलावर हात आपटला आणि विचारलं, "चार वर्षं कुठं गेली रे?"

"साहेब, गिरणीत लागलो तवा चवदा वर्साचा होतो. भरती करनारा जॉबर म्हने, अठरा सांग, नाही तं काम भेटनार नाही. मी सांगतलं."

"मग खरा दाखला का नाही काढला?"

"तीन डाव तहसीलले गेलो. बाबू म्हने, कोतवाल बुक सापडून नाही राहिलं."

गावातल्या जन्ममृत्यूची नोंद या कोतवाल बुकात असते. असे बहाणे आम्ही रोज ऐकायचो. त्याला खोटं पाडायचं म्हणून मी पत्र देऊन हवालदार धाडला. बुक दुपारच्या आत निघालं. तारीख दाखल्यातलीच होती. खोटा होता तो फक्त शिक्का.

तो उतारा मी दोषारोपपत्राला जोडला. कोर्टानं कामगाराला समज देऊन सोडलं. गिरणी मात्र म्हणाली, भरतीच्या वेळी ज्या वयावर अंगठा दिला तेच कायम. शिवाय खोटा कागद देणाऱ्याला भत्ता कसला? मी मॅनेजरकडे रदबदली करून पाहिली, त्यानं चहा पाजून वाटेला लावलं. वर्षभरात कामगार गेला.

मी त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको रडली नाही. एवढंच म्हणाली, "साहेब, तुमाले एका दिवसात सापडलं. आमाले काहून नाही सापडलं जी?"

त्या प्रकरणानं शिकवलं ते एवढंच की कागद असतो, पण मागणाऱ्याची टोपी पाहून निघतो. पुढे मी कितीतरी गरिबांचे दाखले पोलिसी पत्रावर मिळवून दिले. त्या कामगाराचा उतारा मात्र मी गुन्हा सिद्ध करायला मागवला होता.