गणपतीचा घारा डोळा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. रोह्याला नर्स आहे, राहते वरसे गावात. शवागाराच्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय मी! तेव्हा हसायचं तर खुशाल हसा... मीही हसले असते.

माझा धाकटा भाऊ नरेश माझ्या माहेरी, पेणजवळच्या जोह्याला, गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतो. दोनेक वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वाडीवर दरड कोसळली. जोह्याची पोरं मदतीला धावली, त्यात हाही. एका घराच्या वाशांखाली हा एकटाच सरपटत शिरला आणि एक लहान मुलगी बाहेर काढली. मेलेली. तिच्या बापाच्या हातात दिली.

परतला तो वेगळाच. टेम्पोचं फाळकं आपटलं तरी भिंतीला चिकटायचा. झोप नाही, जेवण नाही, पत्र्यावर पाऊस वाजला की घामाने चिंब. आई म्हणे, "बाधा हाय गो, भगताकडं नेऊ." मी भडकले. भगत गेला खड्ड्यात म्हटलं आणि त्याला पेणला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, हा पीटीएसडी, म्हणजे भयंकर काही भोगल्यावर मनात राहिलेला धक्का. पूर्वी लढाईवरून आलेले सैनिक असे थरथरायचे, तर लोक त्यांना भित्रे ठरवायचे. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेले अमेरिकन सैनिक सरकारशी भांडले, तेव्हा कुठे आजाराला हे नाव मिळालं. "आणि लढाईच लागते असं नाही हो. कधी कधी मन सगळ्यात भयंकर तेवढाच तुकडा झाकून ठेवतं. माणसाला खरंच आठवत नाही." मी मान डोलावली. औषधं सुरू झाली, नरेश कामाला लागला. मला वाटलं, सुटलो!

यंदा गणपतीच्या आधी माहेरी गेले होते. नरेशचा डबा घेऊन कारखान्यात पोचले तर शेठ तोंड सोडून ओरडत होता. एका मूर्तीचा उजवा डोळा काळा, डावा चक्क घारा! नरेश नुसता बघत होता. "ताई, मी काळाच रंग घेतलेला गो."

तेवढ्यात दरडीतल्या त्या मुलीचा बाप दारात आला. ज्याने आपली पोर आणून दिली, त्याच्याच हातचा गणपती न्यायचा म्हणून विचारत विचारत आलेला. मूर्ती बघितली आणि त्या घाऱ्या डोळ्याकडे बोट केलं.

"माझ्या पोरीचा डोळा... डावा घारा व्हता तिचा. जल्मापासून."

नरेश शपथा घेत होता — "तिचं डोळं मिटलेलं व्हतं. पापण्यांवर चिखल व्हता. मी उघडून नाय बघितलं, आईशप्पथ!" बापही म्हणाला, व्हय, माझ्या हातात आली तेव्हा मिटलेलंच व्हतं.

मग तो एकदम नरेशचा हात धरून म्हणाला, "भाऊ, खरं सांग... तुला गावली तवा ती जिती व्हती काय?"

नरेश "आठवत नाय, आठवत नाय" म्हणत रडायला लागला.

तुमच्यातले काही म्हणतील, मुलीचा आत्मा. मला माहीत नाही. डॉक्टरांना मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही, कारण ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. भूत नसेल, तर त्या ढिगाऱ्याखाली ती जिवंत होती, तिने डोळे उघडून माझ्या भावाकडे बघितलं होतं. आणि ते त्याला कधीतरी आठवणार.

भूतच असू दे, बाबांनो.