डाव्या सीटची घंटी

ती घटना मला मुद्दाम आठवावी लागत नाही. कुणाच्याही गाडीत सीटबेल्टची घंटी वाजली की ती समोर उभी राहते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन चार वर्षं झाली. आता सगळं सांगतो.

तेव्हा मी पनवेल भागातल्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो. खारघरचा एक नोकरदार भर दुपारी बायकोसह गाडीतून चढावर महामार्ग ओलांडत होता. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली आणि डावीकडून ट्रेलर आदळला. डाव्या सीटवरची बायको जागीच गेली. तो वाचला.

जबाबात त्याचं एकच म्हणणं होतं: "पाय दाबला साहेब, तर गाडीने उचक्या दिल्या आणि बसलीच."

डावं दार आत गेलं होतं, इंजिन शाबूत होतं. हवालदारांनी गाडी चालवतच ठाण्यात आणली. म्हणाले, "साहेब, चढावर दम सोडते ही."

"पंचनाम्यात 'चालू स्थितीत' एवढंच लिहा," मी म्हणालो. "गाडीचं रडगाणं नको."

आवारात ती गाडी चालू केली की डाव्या सीटची घंटी वाजायची. त्या सीटवर माणूस बसून बेल्ट लावला नाही तर वाजते, ती. सीट तर रिकामी. दुसऱ्या दिवशी आरशाला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. मोटार वाहन निरीक्षकांनी ब्रेक, स्टिअरिंग पाहिलं. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. दोन मिनिटांत, शेजारच्या सीटकडे बघत ते उतरले. अहवाल आला: यांत्रिक दोष नाही.

मग त्या नोकरदाराच्या मेहुण्याचा फोन आला. "साहेब, ताई दाजींना सोडणार होती. हा अपघात नाहीये."

मी नवऱ्याला अटक केली. तीन दिवस तो तेच सांगत राहिला. चौथ्या दिवशी मी त्याला त्याच गाडीत, स्टिअरिंगमागे बसवलं आणि चावी फिरवली. टिंग, टिंग, टिंग.

"ती बसलीय बघ बाजूला. सांग तिच्यासमोर."

त्याने डावा हात रिकाम्या सीटसमोर आडवा धरला, अचानक ब्रेक लागल्यावर शेजारच्याला सावरतात तसा. "मीच मारलं तिला," म्हणाला.

असा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण माझी खात्री पटली. खुनाचं कलम लागलं. त्याची दहा वर्षांची मुलगी मामाकडे गेली.

काही आठवड्यांनी कामोठ्याचा एक मेकॅनिक ठाण्यात आला. "साहेब, तो खुनी नाय. आळशी हाय. मीच सांगितलेलं त्याला, प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलला तडा गेलाय, बदलून घे. म्हणला, दिवाळी झाली का बघू."

"इथे तर झकास चालते."

"उभी हाय म्हणून! जोर लावला का टर्बो इंजिनात हवा कोंबतो, मग प्लगची ठिणगीच इजते. चढावर चला. का भ्याव वाटतंय?"

हवालदार हसले. मी नाही.

न्यायालयाची परवानगी काढली, पंच घेतले, रस्ता अडवला. मेकॅनिक चालवायला, आम्ही मागे. डाव्या सीटवर कुणी बसायला तयार झालं नाही. चढ लागला, त्याने पाय दाबला. तीन उचक्या, आणि गाडी बरोबर मधोमध मेली. घंटी वाजत होती. डावीकडे अडवून ठेवलेल्या ट्रेलरने हॉर्न दिला आणि मी डोळे मिटून घेतले.

मेकॅनिकने कॉइल काढून दाखवली. केसाएवढा तडा होता. नवी बसवल्यावर तोच चढ गाडी एका दमात चढली. घंटी तेवढी वाजतच राहिली.

दुरुस्ती पुढे ढकलली म्हणून तो म्हणाला होता, मीच मारलं. खुनाचं कलम गेलं, तो सुटला. मुलगी मात्र मामाकडून परत आली नाही.

टर्बोची गाडी दाब पडल्याशिवाय खरं बोलत नाही. माणूस दाबाखाली काहीही बोलतो. मी गाडी उभी करून तपासली आणि दाब माणसावर दिला.

गाडी ताब्यात घ्यायला तो आला, तेव्हा सही करून थांबला. "साहेब, त्या दिवशी ती घंटी... सीट बिघडलीय हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

पहिल्याच सकाळी वायरमनने मला सांगितलं होतं, धडकेने सीटखालची वायर दाबली गेलीय, म्हणून घंटी वाजते. ती काढून टाकू का, असंही त्याने विचारलं होतं. मीच म्हणालो होतो, राहू दे, उपयोगी पडेल.