तांबड्या बादल्यांतली वाळू

हिरामणला ओळखत नाही असा गाडीवान तेव्हा चौकात शोधून सापडला नसता. मुंबई-पुणे सडकेला लागून तेलकंपनीची रॉकेलची वखार होती, आणि एकोणीसशे अठ्ठावीस सालापर्यंत तिच्या दारात राखणदार म्हणून हा माणूस हमखास दिसे. गडी इमानी, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. सुंदरा सडकेपलीकडे चणे भाजून विकायची. चणे भाजायला कोरडी, बारीक वाळू लागते, आणि तशी वाळू वखारीच्या दाराशी चार तांबड्या बादल्यांत पडून होती. आग विझवायला म्हणून ठेवलेली.

"सात वर्सांत एकदा तरी आग लागली का वो?" सुंदरा म्हणाली.

झालं! हिरामणने बादल्या तिच्या भट्टीवर नेऊन रित्या केल्या, त्यांत भाताचं तूस भरलं आणि वर चार बोटं वाळू पसरली. तपासायला येणारा साहेब वरवर बघून जायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

एका सकाळी धाकलू गाडीवान विडी ओढतच वखारीच्या दारात आला. आत डबे रचणाऱ्या हिरामणने डोळे वटारले, तसा तो गडबडला आणि त्या शहाण्याने विडी बाहेर टाकायची ती आतच टाकली. दाराजवळच्या गोणपाटात गळक्या डब्याचं तेल मुरलं होतं. भडका उडाला. धाकलू बाहेर पळाला, हिरामण आत अडकला.

वखारीला दार एकच. मागच्या खिडकीला मनगटाएवढे गज. हिरामणने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिले. सात वर्षं तो लोकांना सांगत आला होता की या गजांतून मांजरसुद्धा शिरायचं नाही. पाठीमागे डब्यांची थप्पी, समोर जाळ, आणि घशात धूर. एवढ्यात कुणी भल्या माणसाने दारातून घागर ओतली. तेल पाण्यावर तरंगत पुढे सरकलं, आणि जाळ थेट त्याच्या पायांकडे आला.

"पानी नको! पानी नको रं!"

भिवाजी मुकादमाला तेवढी समज होती. त्याने घागरवाल्यांना मागे लोटलं. "वाळू टाकतो, हिरामण! घाबरू नको!" म्हणत त्याने पहिली बादली उचलली.

हिरामण पेचात पडला. सांगावं तर चारचौघांत चोर ठरणार. न सांगावं तर तूस पेटून तो तिथेच भाजून निघणार. मरण समोर उभं असतानाही माणसाला लाज सुटत नाही, याला काय म्हणावं! भिवाजीने जाळावर फेकायला बादली मागे नेली.

"टाकू नका! तूस हाय त्यात! वाळू सुंदराच्या भट्टीवर हाय, म्याच दिली!"

भिवाजीचा हात तिथेच थांबला. सगळे सुंदराकडे वळले, पण ती कधीच पळत सुटली होती. भट्टी अजून पेटवायची होती, वाळू थंडगार होती. तिने पाटी भरून आणली आणि उंबऱ्याच्या आत पालथी केली. मग दुसरी. भिवाजी धावला, धाकलूही रडत रडत धावला. जाळातून पावलापुरती वाट झाली, तसा हिरामण तोंड झाकून त्या वाटेने बाहेर पडला. उरलेली आग लोकांनी सडकेकडेची माती टाकून दडपली.

हिरामणच्या पायांच्या तळव्यांना फोड आले होते. सुंदरा ते मांडीवर घेऊन बसली.

भिवाजी जवळ वाकून म्हणाला, "सायबाला सांगतो, वाळू बादल्यांतलीच व्हती म्हनून. कुनी बोलायचं नाय."

हिरामणने मान हलवली. "नको, मुकादम. तपासनी खरी झाली पायजे. उद्या माज्या जागी जो येईल, तो ह्याच बादल्यांच्या भरवशावर आत जाईल."

नोकरी गेली ती गेलीच. सुंदराला नदीवरून नवी वाळू आणावी लागली, आणि नवराबायको जोडीने चणे विकू लागले. समोर वखारीवर नवा माणूस आला. भट्टी पेटवण्याआधी हिरामण रोज सकाळी सडक ओलांडून जायचा आणि त्या चारही बादल्यांत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपून यायचा. नव्या माणसाने त्याला कधी हटकलं नाही.